नाव लपवू नका

व्यसनातून सावरणाऱ्या स्त्रियांसाठी कुणाच्या स्मरणार्थ निधी काढायचा म्हटलं, की घरातूनच विरोध होतो. गेलेल्या माणसाचं नाव दारूशी कशाला जोडायचं? त्यापेक्षा शाळेला पंखे द्या. शिवाय पिणाऱ्या बायका असतात तरी किती?

आधी या ‘किती’चं पाहू. ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के, स्त्रिया १.६ टक्के. आकडा लहान आहे, मान्य. पण एवढ्या मोठ्या देशात तोही लाखोंच्या घरात जातो. आणि संख्या कमी म्हणूनच सगळी व्यवस्था पुरुषांच्या मापाची झाली. नवरा दाखल होतो तेव्हा बायको घर धरून ठेवते, भेटायला येते, धुतलेले कपडे आणते. बायको दाखल व्हायची म्हटली की तिचा पहिला प्रश्न औषधाचा नसतोच. मुलांना शाळेत कोण सोडणार? शेजारी काय सांगायचं? ‘माहेरी गेलीय’ हे किती दिवस खपेल? या विचारात महिने जातात. स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढीच दारू तिला जास्त लवकर पोखरते. तिला उशीर परवडत नाही.

आता नावाचं. गायिका एमी वाइनहाउस २३ जुलै २०११ रोजी लंडनमध्ये अतिमद्यपानाने गेली, वय २७. घरच्यांनी कारण झाकलं नाही. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला, तिच्या वाढदिवशी, तिच्या नावाने संस्था काढली आणि २०१६ मध्ये लंडनमध्ये ‘एमीज प्लेस’ सुरू केलं. उपचार संपलेल्या तरुण मुलींनी तिथे राहायचं आणि पुन्हा उभं राहायचं. यात एमीची बदनामी कुठे झाली?

अशा निधीची खरी गरज उपचारानंतरच असते. पुण्याचं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून उभं राहिलं. आज तिथे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. पण उपचार घेऊन बाहेर पडलेली बाई जाते कुठे? बहुतेकदा त्याच घरात, जिथे बाटली आणि मार दोन्ही तिची वाट पाहत असतात. तिला काही महिन्यांचं खोलीभाडं हवं, पाळणाघराची फी हवी, हातात काम येईपर्यंत आधार हवा.

आईच्या, बहिणीच्या नावाने देणगी देणाऱ्यांनी पावतीवर हे स्पष्ट लिहून घ्यावं: ‘व्यसनातून सावरणाऱ्या स्त्रियांच्या निवासासाठी’. नुसतं ‘सामाजिक कार्यासाठी’ लिहिलं, तर या बायकांच्या वाट्याला त्यातलं काही येईलच असं नाही.