वारसा आणि थकबाकी

वडिलांच्या निधनानंतर काही वर्षांनी परप्रांतात नोकरी करणाऱ्या मुलाच्या हाती थकीत कराची नोटीस पडते, मागोमाग दावा. ‘आता माझा पगारही जाणार काय?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो.

1953 च्या कायद्याने आलेले संपदा शुल्क 1985 मध्ये रद्द झाले. परंतु मृताची थकबाकी त्याच्याबरोबर जात नाही. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 159 ने ती वारसावर टाकली, तीही मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच. ती मालमत्ता परस्पर विकली, तर मात्र तेवढ्या मूल्यापुरती जबाबदारी व्यक्तिगत होते. उलट 1944 च्या अबकारी कायद्यात तशी तरतूद नसल्याने, मृत मालकाची आकारणी वारसांविरुद्ध चालविता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ठरविले. मुंबईत 1888 च्या अधिनियमानुसार मालमत्ता कराचा बोजा वास्तूवरच असतो. घर घेणाऱ्याकडे तोही येतो.

दोष उभयपक्षी आहे. महाराष्ट्रात शेतजमिनीच्या वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे, असे 1966 ची जमीन महसूल संहिता सांगते. आपण ते गावच्या भावावर सोपवून मोकळे होतो. पण ज्या पालिकेत मृत्यूची नोंद होते, तिथलाच करविभाग मृताच्या नावे देयके काढीत राहतो, हे आम्हां प्रशासकांना शोभत नाही. या दोन नोंदवह्या जोडल्या, तर कित्येक दावे उभेच राहणार नाहीत. वारसाला न्यायालयात खेचण्यापूर्वी त्याला वेळेवर कळविणे, हे शासनाचे पहिले कर्तव्य होय.