पायांतील वहाणा

चिखलदऱ्यास वा नरनाळ्यास सहल निघाली की, जाड तळाच्या बुटांवाचून डोंगर चढवत नाही, असा आमच्या विद्यार्थ्यांचा समज दिसतो. तो आम्हांस मान्य नाही. बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावलेल्या कातड्याच्या, हाताने शिवलेल्या वहाणा चार दिवसांत पायाच्या घडणीस बसतात. तळ पातळ असल्याने खडा कळतो व पाऊल जपून पडते. ओल्या खडकावर मात्र त्या घसरतात, श्रावणात नकोतच. अशाच कोल्हापुरी चपलेस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ साली प्राडा या इटालियन कंपनीने त्याच घाटाच्या चपला मिलान येथे मिरविल्या, तेव्हा आपणां सर्वांस अभिमानाचे भरते आले. मग त्या शिवणाऱ्या कारागिराशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणारे पालक व त्याच्या मुलाशेजारी बसण्यास कचरणारे विद्यार्थी आपल्यांतच कसे?