दुसऱ्याची बाजू मांडताना

मीरा रोडच्या पूनम सागर परिसरातील व्यापारी कुटुंबांचे कर्ते पुरुष सकाळच्या लोकलने भुलेश्वर, काळबादेवी, झवेरी बाजार गाठतात. कोणी भाईंदरच्या स्टील भांड्यांच्या कारखान्यात जातात. त्यांच्या मुलामुलींच्या तोंडी मात्र अलीकडे ‘व्हेटो’, ‘रिझोल्यूशन’, ‘पोझिशन पेपर’ असे शब्द येऊ लागले आहेत. शाळा-महाविद्यालयांतून भरणाऱ्या अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषदांचा, म्हणजेच ‘एमयूएन’चा, हा परिणाम होय. या परिषदेत प्रत्येक विद्यार्थ्याला एक समिती व एक देश नेमून दिला जातो. दोन-तीन दिवस तो त्या देशाचा प्रतिनिधी म्हणून बोलतो, वाटाघाटी करतो, ठरावाचा मसुदा तयार करतो व मतदान करतो. भाषणात ‘मी’ हा शब्द वर्ज्य असतो. ‘आमच्या देशाची भूमिका अशी आहे’, असेच बोलावे लागते.

येथेच जैन घरात एक खरा प्रश्न उभा राहतो. समजा, नववीतील एखाद्या मुलीच्या वाट्याला जपान आला आणि विषय देवमाशांच्या शिकारीचा निघाला. जिने जन्मापासून मुंगीलाही न दुखावण्याचा संस्कार घेतला, तिने शिकारीची बाजू कशी मांडावी? हिंसा करणे, करविणे आणि तिचे अनुमोदन करणे या तिन्हींचा दोष आपल्या शास्त्रात सांगितला आहे. मग असे भाषण म्हणजे अनुमोदनच नव्हे काय, अशी शंका आजीने काढली, तर ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

या शंकेचा विचार करताना आपल्याच समाजातील एका पुरुषाचे चरित्र आठवावे. 1864 साली महुवा येथे जन्मलेले वीरचंद राघवजी गांधी 1893 च्या सप्टेंबरात शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून उभे राहिले. निमंत्रण वास्तविक आचार्य आत्मारामजी महाराजांना होते. साधुधर्माच्या मर्यादेमुळे समुद्रप्रवास शक्य नव्हता. म्हणून त्यांनी वीरचंदभाईंना तयार करून पाठविले. शिष्याने पाठ केलेले भाषण म्हणून दाखवावे, एवढ्यावर हे थांबले नाही. परदेशी श्रोते कोणते प्रश्न विचारतील हे धरून त्यांची उत्तरे आधी सिद्ध करण्यात आली. त्याच परिषदेत एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने हिंदू धर्मावर टीका केली, तेव्हा स्वतः जैन असूनही वीरचंदभाईंनी तिला उत्तर दिले. समाजातील दोष वेगळे आणि धर्माची तत्त्वे वेगळी, हा भेद त्यांनी शांतपणे दाखवून दिला. दुसऱ्याची बाजू मांडली म्हणून त्यांची श्रद्धा कणभरही हलली नाही.

वाटाघाटीची त्यांची तयारी तर शिकागोच्याही आधीची. पालिताण्याच्या यात्रेकरूंवर दरडोई कर होता. 1886 साली झालेल्या तडजोडीने तो कर गेला आणि त्याऐवजी संस्थानाला वर्षाला 15,000 रुपये देण्याचे ठरले. ठाकोरांचे उत्पन्न बुडले नाही आणि यात्रेकरूंचा जाचही संपला. पुढे सम्मेदशिखराच्या प्रकरणात जुने दस्तऐवज स्वतः वाचता यावेत म्हणून ते कलकत्त्यात राहून बंगाली शिकले. समोरच्याची भाषा, त्याची गरज आणि त्याचे कागद ठाऊक असल्याखेरीज बोलायचे नाही, हा त्यांचा नियम आजच्या विद्यार्थ्यालाही पुरेसा आहे.

आता त्या मुलीकडे वळू. जपानची बाजू मांडायची तर आधी ती जाणून घ्यावी लागेल. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकारीवर स्थगितीचा निर्णय 1982 साली घेतला. 2014 साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ऑस्ट्रेलियाच्या दाव्यात जपानच्या विरोधात निर्णय दिला. दक्षिण ध्रुवीय सागरातील शिकार संशोधनासाठी आहे, हे म्हणणे मान्य झाले नाही. 2019 साली जपान आयोगातून बाहेर पडला व स्वतःच्या सागरी हद्दीत त्याने व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली. किनाऱ्यावरील गावांची जुनी आहारपरंपरा आणि आपल्या समुद्रावरील सार्वभौम हक्क ही त्याची प्रमुख कारणे. हे सर्व सांगणे म्हणजे ‘त्यांना असे वाटते व अमुक कारणाने वाटते’ हे सांगणे होय. अनेकान्ताची दृष्टी प्रत्येक मत सारखेच खरे मानत नाही. प्रत्येक मत कोणत्या अपेक्षेने उभे आहे, हे ती पाहावयास लावते. शिवाय परिषदेतील भूमिका ही उघड भूमिका असते. तेथे कोणाची फसवणूक नसते, म्हणून मृषावादाचा दोषही लागत नाही. एवढे करूनही मुलीचे मन कचरत असेल, तर वाटप होताच आयोजकांकडे देश बदलून मागावा. त्यात कमीपणा नाही.

भूमिका स्वीकारली, तरी दयेला वाव उरतोच. त्रयस्थ निरीक्षक नेमावेत, पकडीची आकडेवारी जाहीर करावी, प्राण्याला न मारता संशोधन करावे, अशा कलमांना जपानचा प्रतिनिधी संमती देऊ शकतो. सार्वभौमत्वाचा आग्रह न सोडता हिंसा कमी करणारा मसुदा मान्य करून घेणे, हीच खरी मुत्सद्देगिरी.

तयारीचा क्रम साधा आहे. प्रथम समितीचे अधिकार समजून घ्यावेत. महासभेत 193 सदस्य देशांना प्रत्येकी एक मत असते व महत्त्वाच्या प्रश्नांवर दोन-तृतीयांश बहुमत लागते. सुरक्षा परिषदेत 15 सदस्य असतात. महत्त्वाचा ठराव संमत होण्यास नऊ मते हवीत आणि पाच स्थायी सदस्यांपैकी एकानेही विरोधी मत देता कामा नये. तटस्थ राहणे म्हणजे विरोध नव्हे. यानंतर चोपड्याप्रमाणे एका पानाचे दोन भाग करावेत: एकीकडे आपल्या देशाचे हित, दुसरीकडे इतर देशांचे आक्षेप. प्रत्येक आक्षेपासमोर एक पुरावा आणि एक देऊ करण्याजोगी सवलत लिहावी. मग दीड मिनिटाचे भाषण घड्याळ लावून मोठ्याने म्हणावे.

येथे वडिलांना इंग्रजी येत नसले तरी अडत नाही. गिऱ्हाइकाची गरज, आपली शेवटची किंमत आणि सौदा मोडला तर उरणारा पर्याय, या तीन गोष्टी तीस वर्षे दुकानात बसलेला माणूस पुस्तकाशिवाय जाणतो. रात्री जेवणानंतर त्याने विरोधी देश होऊन मुलीला दहा प्रश्न विचारावेत. मात्र भूमिकापत्र तिचे तिनेच लिहावे. दुसऱ्याचा मजकूर उचलणे किंवा यंत्राकडून लिहवून घेऊन आपल्या नावावर देणे हे अदत्तादान आहे. आणि सभेत पहिला उलटप्रश्न आला की ते उघडेही पडते.

राहिला जेवणाचा प्रश्न. अशा सभा संध्याकाळपर्यंत लांबतात आणि शाकाहारी थाळीतही कांदा-बटाटा असतोच. चौविहार पाळणाऱ्या मुलाने वेळापत्रक आधी मागवावे, सूर्यास्तापूर्वी पंधरा मिनिटांची सवलत लेखी विनंती करून घ्यावी, डब्यात खाकरा-ठेपले व सोबत उकळलेले पाणी ठेवावे. आपला नियम संकोच न करता, पण दुसऱ्याच्या ताटाकडे तुच्छतेने न पाहता पाळणे, हाही प्रतिनिधित्वाचाच भाग आहे.

2007 साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 2 ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय अहिंसा दिन म्हणून जाहीर केला. तो ठराव भारताने मांडला होता आणि अनेक देशांनी त्याला साथ दिली. अहिंसेचे नावही जगाच्या सभेत मसुदा, चर्चा आणि सहमती यांच्याच वाटेने पोचले. त्या वाटेने चालायचे तर आपल्या मुलांनी बोलण्यापूर्वी दुसऱ्याचे म्हणणे पूर्ण ऐकण्याची सवय लावून घ्यावी. पदक मिळो वा न मिळो, ही सवय पुढे पेढीवरही कामी येईल आणि घरातही.