सभा प्रार्थनेने सुरू झाली, पुढे काय?



सभेची सुरुवात प्रार्थनेने केली की सभा ख्रिस्ती झाली, ही समजूत आता सोडून दिली पाहिजे. दोन मिनिटे डोळे मिटायचे, 'आमेन' म्हणायचे, आणि मग दोन तास एकाने बोलायचे व बाकीच्यांनी मान डोलवायची. शेवटी विचारले जाते, "कोणाला काही बोलायचे आहे का?" कोणी बोलत नाही. चहा येतो. खरी सभा नंतर भरते, गेटपाशी, पार्किंगमध्ये, नाहीतर शेअर रिक्षात.

आम्ही धर्मशिक्षण देणारी माणसे; ऑफिसातल्या मीटिंगांशी आमचा काय संबंध, असे कोणी विचारील. रविवारी आमच्यासमोर बसणारी मंडळी सोमवारी अशाच कुठल्यातरी मीटिंगमध्ये बसते, हा संबंध. पांडेसराच्या डाईंग मिलमध्ये, सचिनच्या जीआयडीसीत, हजिऱ्याच्या कंपन्यांत, इस्पितळाच्या वॉर्डात, शाळेच्या स्टाफरूममध्ये. कोणी सुपरवायझर आहे, कोणी सिस्टर, कोणी हेडक्लार्क. त्यांचे तिथे जाणारे तासही देवानेच दिलेले आहेत.

वरिष्ठांपुढे गप्प राहणे म्हणजे नम्रता, असे आपल्याकडे सर्रास शिकवले जाते. आम्हांला हे मुळीच मान्य नाही. बॉयलरचा व्हॉल्व्ह गळतो हे ज्याला ठाऊक आहे, तो मीटिंगमध्ये खाली मान घालून बसला, तर त्याला नम्र कसे म्हणायचे? वॉर्डात ऑक्सिजनचा जादा सिलिंडर नाही हे रात्रपाळीच्या सिस्टरला माहीत असते. पण डॉक्टरसाहेब घाईत असतात, म्हणून ती बोलत नाही. या गप्प बसण्याची किंमत पुढे जो मोजतो, त्याला त्या मीटिंगला कोणी बोलावलेलेही नसते.

तरी मोठा दोष गप्प बसणाऱ्याचा नाही. निर्णय आधीच घेऊन ठेवायचा आणि चाळीस माणसांना केवळ मान डोलवायला बोलवायचे, असे जो करतो त्याचा आहे. ठरलेलेच असेल तर बोर्डावर नोटीस लावा, पाच मिनिटांत वाचून होईल. मत विचारण्याचे सोंग करून माणसांचा तास घेणे, यात खोटेपणा आहे आणि चोरीही आहे. चोरीविषयीची आज्ञा फक्त पाकिटाला लागू होते असे कोणी सांगितले?

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय उघडा. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते. बारा प्रेषितांनी ही कुरकुर दाबली नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले, विषय एकच ठेवला, किती माणसे हवीत आणि कशी हवीत ते सांगितले, आणि निवड मंडळीवर सोपवली. निवडलेल्यांची नावे वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच लोकांच्या हाती काम दिले गेले. आमच्या सुरतेत महापालिकेच्या शाळा मराठी, उडिया, तेलुगू, उर्दू माध्यमांतूनही चालतात, इतक्या भाषांची माणसे इथे पोटासाठी आली आहेत. तरी सुरक्षेची मीटिंग एकाच भाषेत उरकली, ओडिशाच्या कारागिराला काही कळले नाही, पण हजेरीपटावर त्याची सही झाली, तर ती मीटिंग कोणाच्या सुरक्षेसाठी होती?

पंधरावा अध्याय तर प्रत्येक व्यवस्थापकाने वाचावा. यरुशलेमेतल्या त्या सभेत आधी पुष्कळ वादविवाद झाला, मग पेत्र उठला. नंतर बर्णबा आणि पौल यांनी प्रत्यक्ष काय घडले ते सांगितले, आणि लोकांनी शांतपणे ऐकले. याकोब शेवटी बोलला. निर्णय एका छोट्या पत्रात मावला, आणि ते पत्र घेऊन कोण जाणार हेही ठरले: यहूदा बर्सब्बा आणि सीला, पौल व बर्णबा यांच्याबरोबर. अंत्युखियात पत्र वाचले तेव्हा लोकांना आनंद झाला. आपल्या मीटिंगचे मिनिट्स वाचून कोणाला आनंद झाल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

"शास्त्रातले ठीक आहे, पण सुरतेत असे चालत नाही," असे म्हणणाऱ्यांना सुरतेचेच उदाहरण देतो. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेग आला आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी सहा विभागांच्या प्रमुखांना खरेखुरे अधिकार दिले आणि साहेबांना 'एसीतून डीसीत' काढले, म्हणजे वातानुकूलित खोलीतून रोजच्या कामात. अधिकारी आधी शहरात फिरत, गटारे नि उकिरडे डोळ्यांनी पाहत, आणि मग एकत्र बसत. पाहून आलेला माणूस मीटिंगमध्ये लांबण लावत नाही. काही काळातच सुरतेची गणना देशातल्या स्वच्छ शहरांत होऊ लागली. त्याआधी मीटिंगा होत नव्हत्या असे थोडेच आहे?

आता चर्चकडे. "मंडळी म्हणजे कंपनी नव्हे," असे म्हणून काही जण विषय मिटवतात. कॅथोलिक धर्मग्रामात परिषदेला सल्ल्याचाच अधिकार आहे, कॅनन ५३६ तसे स्पष्ट सांगतो. पण सल्ला देता यावा म्हणून माणसाला प्रश्न आधी कळायला हवा, हिशेब हातात हवा. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या नियमावलीच्या तिसऱ्या अध्यायात लिहून ठेवले, की महत्त्वाच्या बाबतीत मठातल्या सर्वांना बोलवावे, कारण अधिक चांगली गोष्ट देव पुष्कळदा धाकट्याला सुचवतो. अंतिम निर्णय मठाधिपतीचाच राहतो, हेही तिथेच आहे. ऐकून घेतल्याने अधिकार जात नाही!

म्हणून, सभा तुम्ही बोलावणार असाल तर नोटिशीवर 'विविध विषय' लिहू नका. सोडवायचा प्रश्न एका वाक्यात लिहा. ज्याच्या हातून काम होणार आहे त्याला बोलवा, बाकीच्यांना घरी जाऊ द्या. सर्वांत नव्या माणसाला पहिल्यांदा विचारा आणि स्वतः शेवटी बोला. उठण्याआधी कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत करणार, हे वहीत लिहून मोठ्याने वाचा.

ज्यांची मीटिंग दुसरा कोणी चालवतो, त्यांना नोकरीची भीती असते, आणि ती खोटी नसते. घरभाडे, मुलांची फी, गावाकडे पाठवायचे पैसे. एकट्याने उभे राहून बोलणे जड जात असेल, तर दोघे मिळून जा. आदल्या दिवशीच साहेबांना लिहून द्या, तुमच्या भाषेत द्या, खाली तारीख टाका, आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.