बसून ९७, चालून किती?

२०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली आणि बोटाला लावायचं ते छोटं मशीन महाराष्ट्राच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचलं. आशाताई दारात यायच्या, घरातल्या प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायच्या आणि आकडा वहीत टिपून घ्यायच्या. ९५ च्या खाली आला की पुढच्या तपासणीला पाठवायचं, हे ज्यांनी आयुष्यात दवाखान्याची पायरी चढली नव्हती त्यांनाही पाठ झालं. पुढच्या वर्षी कोविडच्या दुसऱ्या लाटेत ‘ऑक्सिजन किती?’ आणि सीटी स्कॅनचा ‘स्कोर किती?’ हे दोन प्रश्न खुशालीच्याही आधी विचारले जाऊ लागले. राज्यात नोंद झालेल्या रुग्णांचा आकडा शेवटी ८१ लाखांच्या पुढे गेला.

त्यातले बहुतेक पूर्ण बरे झाले. काही मात्र झाले नाहीत. ताप उतरला, खोकला गेला, पण एक जिना चढला की छाती भरून येते. बादली उचलून दोन पावलं टाकली की भिंतीचा आधार घ्यावा लागतो. दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही. असा माणूस डॉक्टरांपुढे जाऊन बसतो. बोटाला मशीन लागतं, आकडा येतो ९७. एक्स-रे स्वच्छ असतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, जरा हिंडा-फिरा, मन रमवा,’ असं ऐकून तो घरी येतो आणि त्या दिवसापासून घरच्यांच्या लेखी त्याला काहीही झालेलं नसतं.

बसलेल्या माणसाच्या बोटावरचा एक आकडा पाहून त्याला बरा ठरवणं ही चूक आहे. ती आपल्याकडे रोज होते आहे, आणि दुरुस्त करायला फारसा पैसाही लागत नाही.

चूक कशी होते, ते फुफ्फुसाच्या कामातूनच कळतं. माणसाच्या दोन फुफ्फुसांत मिळून तीस कोटींहून अधिक वायुकोश असतात. त्यांना बिलगून केशवाहिन्यांचं जाळं असतं आणि दोहोंमधला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. माणूस शांत बसलेला असताना रक्त या केशवाहिन्यांतून जायला साधारण पाऊण सेकंद घेतं. ऑक्सिजन भरून घ्यायला त्यातला पाव सेकंद पुरतो. उरलेला अर्धा सेकंद ही निरोगी फुफ्फुसाची शिल्लक. विषाणूच्या न्यूमोनियात हा पडदा सुजतो, काहींच्या बाबतीत पुढे तिथे व्रण धरतो आणि तो जाड होतो. ऑक्सिजनला पलीकडे जायला जास्त वेळ लागू लागतो. खुर्चीत बसलेल्या माणसाचं तरीही भागतं, कारण शिल्लक कामी येते. तो चालायला लागला की हृदयाचे ठोके वाढतात, रक्त वेगाने पुढे सरकतं, मिळणारा वेळ पाव-अर्ध्या सेकंदावर येतो आणि शिल्लक संपते. आकडा ९७ वरून ९१ वर घसरतो. डॉक्टरांच्या टेबलाशी मात्र तो पुन्हा ९७ च दिसतो, कारण तोवर माणूस दहा मिनिटं बाकावर बसून आपला नंबर येण्याची वाट पाहत असतो.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने कोविडमधून उठलेल्या २०७ रुग्णांची फुफ्फुसं तपासली आणि २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ४४ टक्के रुग्णांमध्ये वायुकोशातून रक्तात वायू जाण्याची क्षमता घटलेली होती. जवळपास निम्म्यांना दम लागत होता. युरोप आणि चीनमधल्या अशाच अभ्यासांपेक्षा भारतीय रुग्णांची फुफ्फुसं अधिक खराब आढळली, असं संशोधकांनी नमूद केलं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी याच्याही पुढची गोष्ट दाखवली. रुग्णालयात दाखलसुद्धा न झालेल्या आणि सीटी स्कॅन जवळपास स्वच्छ असलेल्या रुग्णांना त्यांनी झेनॉन वायू श्वासातून देऊन एमआरआय काढला. तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांच्या फुफ्फुसांतून रक्तात वायू नीट उतरत नसल्याचं दिसलं. स्कॅनमध्ये काही नाही म्हणजे काही नाही, हे समीकरण तिथेच मोडलं.

झेनॉनचा एमआरआय ग्रामीण रुग्णालयात येणार नाही, हे उघड आहे. त्याची गरजही नाही. लागतो तो तीस मीटरचा सरळ व्हरांडा, एक घड्याळ, एक खुर्ची आणि तेच ऑक्सिमीटर. सहा मिनिटं चालण्याची ही चाचणी छातीच्या डॉक्टरांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. रुग्णाला आधी दहा मिनिटं बसवायचं, आकडा आणि नाडी लिहायची. मग व्हरांड्याच्या दोन टोकांमध्ये त्याला त्याच्या चालीने चालू द्यायचं. पळायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत. दम लागला तर भिंतीला टेकून उभं राहायची मुभा असते, घड्याळ मात्र थांबवायचं नाही. सहा मिनिटं झाली की किती अंतर कापलं ते मोजायचं आणि आकडा पुन्हा लिहायचा. जो माणूस खुर्चीत ठणठणीत दिसत होता तो चौथ्या फेरीला खांदे वर उचलून श्वास ओढू लागतो, बोलताना वाक्य मधेच तोडतो, आणि ज्या परिचारिकेने मघाशी ९७ लिहिलं तीच आता ९० लिहिते. त्यानंतर मनाचे खेळ वगैरे बोलायला कुणाला जागा उरत नाही.

महाराष्ट्राला ही चाचणी नवी नाही. २०२१ च्या लाटेत राज्याच्या आरोग्य विभागानेच ती लोकांना घरच्या घरी करायला सांगितली होती. साठीपुढच्यांनी तीन मिनिटं चाललं तरी चालेल, असंही सांगितलं होतं. हेतू हा की न्यूमोनिया वाढतोय हे वेळेत कळावं. आजार अंगावर असताना जी चाचणी चालली, ती आजारानंतर का बंद झाली, याचं पटेल असं कारण सापडत नाही. लाट ओसरली, वॉररूम बंद झाल्या, आणि ज्यांचा दम परत आला नव्हता त्यांची गणती करणारं कुणी राहिलं नाही.

ऑक्सिमीटरच्या आकड्यावर डोळे झाकून भरवसा न ठेवण्याची आणखीही कारणं आहेत. हे यंत्र ज्यांच्या कल्पनेतून आलं ते जपानी अभियंते ताकुओ आओयागी. रक्तप्रवाह मोजताना नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांच्या नोंदींत अडथळा येत होता, आणि तो अडथळाच त्यांनी मोजमापाचं साधन केला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. जगभर त्यांचं यंत्र बोटाबोटाला लागत असतानाच, १८ एप्रिल २०२० रोजी त्यांचं निधन झालं. यंत्र लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून पाठवतं आणि किती शोषला गेला त्यावरून हिशेब करतं. त्वचेचा गडद रंग त्या हिशेबात ढवळाढवळ करतो. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी दाखवलं की यंत्रावर ९२ ते ९६ दिसत असतानाही सुमारे १२ टक्के कृष्णवर्णीय रुग्णांचा खरा आकडा ८८ च्या खाली होता, गोऱ्या रुग्णांत हेच प्रमाण ४ टक्क्यांहून कमी होतं. उन्हातान्हात राबणाऱ्यांच्या आपल्या राज्यात हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. नखावरचं पॉलिश, गडद मेंदी, गारठलेली बोटं यांनीही आकडा चुकतो. म्हणून सुट्या आकड्यापेक्षा एकाच माणसाच्या, एकाच बोटावरच्या, चालण्याआधीच्या आणि नंतरच्या दोन आकड्यांतला फरक अधिक विश्वासाचा.

बायकांच्या बाबतीत तर हा आकडा वेगळ्याच कारणाने फसवतो. ऑक्सिमीटर सांगतं ते एवढंच, की रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलं आहे. हिमोग्लोबिन मुळात किती आहे ते त्याला कळत नाही. आगारात चौदाऐवजी आठच एसट्या असल्या आणि त्या आठही गच्च भरून सुटल्या, तरी ‘गाड्या भरून गेल्या’ हा अहवाल खराच असतो. स्टँडवर राहिलेल्या माणसांचा त्यात उल्लेख नसतो. १४ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण १९ मिलिलिटर ऑक्सिजन मावतो, ८ ग्रॅम असलेल्या रक्तात जेमतेम ११. दोघींच्या बोटावर आकडा ९८. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. आजारातून उठलेल्या बाईचा थकवा मोजायला बसताना आधी तिचं हिमोग्लोबिन न पाहणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

काही रुग्णांचा आकडा चालूनही घसरत नाही, हेही सांगायला हवं. त्यांची फुफ्फुसं आपलं काम करतात, हृदय रक्त पुढे ढकलतं, पण स्नायू त्यातला ऑक्सिजन नीट उचलत नाहीत. येल आणि बोस्टनच्या डॉक्टरांनी अशा मोजक्या रुग्णांना सायकल मारायला लावून धमनीतलं आणि शिरेतलं रक्त एकाच वेळी तपासलं, तेव्हा परतीच्या रक्तात ऑक्सिजन बराच शिल्लक सापडला. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०२४ मध्ये याच तक्रारीच्या रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे व्यायामाआधी आणि व्यायामानंतर तपासले. व्यायामानंतर स्नायूंची इजा वाढलेली होती. ‘काल थोडं काम केलं आणि आज उठवत नाही’ असं रुग्ण म्हणतो, तेव्हा तो आळस करत नसतो. त्याच्या स्नायूत खरोखर काहीतरी बिघडलेलं असतं.

इथेच ‘रोज थोडं थोडं वाढवत चाला’ हा सरसकट सल्ला घातक ठरतो. ज्याची फुफ्फुसं सावरत आहेत त्याला देखरेखीखालचा व्यायाम नक्की फायद्याचा असतो. पण श्रमानंतर दोन-दोन दिवस अंथरूण धरणाऱ्याला तोच व्यायाम मागे ढकलतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने दीर्घकालीन थकव्याच्या आजाराच्या मार्गदर्शक सूचनांतून टप्प्याटप्प्याने वाढवायचा व्यायाम ऑक्टोबर २०२१ मध्ये काढून टाकला, तो याच कारणाने. अशा रुग्णाने आपल्या ताकदीच्या आत राहून काम वाटून घ्यायचं असतं: सकाळी अंघोळ, मग विश्रांती, मग स्वयंपाक, तोही बसून. घरातल्यांनी हे मान्य करणं हा उपचाराचाच भाग आहे.

उलट बाजूने, प्रत्येक धापेवर कोविडचा शिक्का मारणंही चुकीचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये कोविडनंतर रेंगाळणाऱ्या या आजाराची व्याख्या केली, तेव्हा दुसऱ्या कुठल्याही निदानाने लक्षणांचा उलगडा होत नसावा, ही अट घातली. आपल्याकडे त्या ‘दुसऱ्या निदानां’ची यादी मोठी आहे: क्षयरोग, चुलीच्या धुराने खराब झालेली फुफ्फुसं, दमा, हृदयाचा अशक्तपणा, थायरॉइड. एका पायाला सूज, छातीत कळ आणि अचानक वाढलेली धाप असेल तर फुफ्फुसात रक्ताची गुठळी असू शकते. तिथे वाट पाहायची नसते, तडक रुग्णालय गाठायचं असतं.

या सगळ्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न डॉक्टरांच्या खोलीबाहेरचा आहे, पण त्याच्याशी जोडलेला आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेतल्या कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतनाचा आजारलाभ मिळू शकतो; त्यासाठी विमा डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल’ असताना दाखला कशाच्या जोरावर द्यायचा? धुणीभांडी करणाऱ्या बाईला तेवढाही आधार नाही. उसाच्या फडात नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो आणि एक दिवस काम बुडालं की मुकादम खाडा धरून पैसे कापतो. तिथे दम लागलेल्या माणसापुढे दोनच वाटा असतात: उचल अंगावर ठेवून फड सोडायचा, किंवा मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं. चालून आकडा ९० वर येतो असं एका कागदावर सही-शिक्क्यासह लिहिलेलं असेल, तर निदान बोलायला आधार मिळतो.

म्हणून मागणी साधी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, श्वसनाच्या आजारानंतर महिना उलटूनही दम किंवा थकवा सांगणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर तीन नोंदी सक्तीच्या कराव्यात: बसलेला आकडा, चाललेला आकडा आणि हिमोग्लोबिन. खोकला असेल तर जोडीला थुंकीची तपासणी. फरक तीन अंकांहून जास्त निघाला तर रुग्णाला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवावं, आणि श्रमानंतर अंथरूण धरण्याची तक्रार असेल तर तीही त्याच कागदावर लिहावी. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवं पदही लागत नाही.

हे होईपर्यंत, ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनी एवढं करावं. बसल्या जागी आकडा ९४ च्या खाली असेल तर घरी चालवून बघण्याच्या भानगडीत न पडता डॉक्टरांकडे जावं. ९० च्या खाली असेल तर लगेच. भाड्याचा कॉन्सन्ट्रेटर आणून स्वतःच्या मनाने ऑक्सिजन लावू नये. आणि बसून ९७ येऊनही जिन्यात धाप लागत असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना न संकोचता विनंती करावी, ‘डॉक्टर, एकदा चालवून बघा.’