टॉवेल घ्यायला वळले तेवढ्यात

प्रति,
भारतीय मानक ब्युरो,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
आणि बाळांची अंघोळीची आसनं बनवणारे, आयात करणारे, दुकानांत व ऑनलाइन विकणारे सर्व जण

विषय : बाळांच्या अंघोळीच्या आसनांसाठी सक्तीचं मानक आणि आसनावरच उठवलेली सूचना



मी डोंबिवलीत राहणारी एक आजी आहे. माझी दोन मुलं, दिराची तीन आणि चाळीतल्या शेजारणींची आणखी काही, इतक्या बाळांना मी पायांवर घेऊन न्हाऊ घातलं आहे. मोरीत पाट मांडायचा, पाय लांब पसरून घोटे जुळवायचे, पाणी विसणून त्यात कोपर बुडवून पाहायचं, आणि मग बाळ पायांवर घ्यायचं. डोक्यावर पाणी ओतताना कपाळाशी हात आडवा धरायचा, नाकातोंडात थेंब जाऊ द्यायचा नाही. हे मला सासूबाईंनी शिकवलं.

आता माझे गुडघे गेले आहेत. जमिनीवर बसले तर कुणी हात दिल्याशिवाय उठता येत नाही. नात झाली तेव्हा तिला न्हाऊ घालायला बाई मिळाली, ती सव्वा महिना आली. पुढे सून कामावर रुजू झाली तेव्हा ती सहा महिन्यांची होती आणि सकाळची अंघोळ माझ्याकडे आली. म्हणून मुलानं ऑनलाइन आसन मागवलं. मागे टेकायला पाठ, पुढे गोल कडं, दोन पायांसाठी दोन मोकळ्या जागा, तळाला चार सक्शन कप. खोक्यावर हसरं बाळ होतं, फेसाच्या पाण्यात एकटंच बसलेलं.

पंधरा दिवस सगळं छान चाललं. मग एका सकाळी, साबण धुऊन झाल्यावर, मी टॉवेल घ्यायला वळले. टॉवेल माझ्या पाठीमागच्या दांडीवर होता. तेवढ्यात नातीनं बादलीत तरंगणाऱ्या मगाकडे झेप घेतली आणि आसन तिच्यासकट कलंडलं. पाय कड्यात अडकलेले आणि डोकं बादलीवर. माझा डावा हात तिच्या अंगाजवळच राहिला होता, तो तिच्या काखेत गेला, एवढ्यावर निभावलं. कपाळाला टेंगूळ आलं. बादली अर्ध्याहून अधिक भरलेली होती. ती रडली त्या क्षणी मला हायसं वाटलं, कारण रडायला श्वास लागतो.

दुसऱ्या दिवशी मुलानं रिकामं आसन तिथेच ठेवून हातानं ढकललं. दोन कप धरत होते, दोन सुटत होते. कारण साधं आहे. सक्शन कप दाबला की आतली हवा निघून जाते आणि बाहेरच्या हवेचा दाब त्याला फरशीशी चिकटवून धरतो. त्यासाठी फरशी काचेसारखी गुळगुळीत लागते. आमच्या न्हाणीघरात पाय घसरू नये म्हणून खरखरीत टाइल्स बसवल्या आहेत. त्यांच्या खाचांतून आणि दोन टाइलांच्या सांध्यातून हवा आत शिरते आणि कप सुटतो. शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावरही हेच होणार. हे आसन ज्या गुळगुळीत बाथटबसाठी घडलं, तो टब आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी आहे. आपल्याकडे मोरी आहे, आणि तिच्यात शेजारी भरलेली बादली आहे.

ज्या देशांत असे टब घरोघरी आहेत, तिथेही या आसनांनी जीव घेतले आहेत. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाकडे १९८३ ते २००९ या काळात अशा आसनांशी संबंधित शंभराहून अधिक बाळांच्या मृत्यूंची नोंद झाली. बहुतेक वेळा मोठं माणूस थोड्या वेळासाठी बाजूला गेलेलं होतं. आसन कलंडलं, किंवा बाळ पायांच्या जागेतून खाली सरकलं, किंवा कड्यावरून बाहेर आलं. बाळ बुडताना आवाज होत नाही. पाण्याची उंची दोन-तीन बोटं असली तरी नाकतोंड बुडायला तेवढी पुरते. त्या आयोगानं २०१० मध्ये सक्तीचे नियम केले : आसन कलंडता कामा नये, पायांची जागा बाळ निसटेल एवढी मोठी असता कामा नये, इशारा ठळक हवा. युरोपात २०१८ मध्ये ‘ईएन १७०२२’ हे मानक आलं. आजही तो अमेरिकी आयोग या नियमांत न बसणाऱ्या, ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या आसनांबद्दल पालकांना पुन्हा पुन्हा सावध करतो आहे.

या सगळ्याचा विचार करताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली, आणि त्यासाठीच हे पत्र लिहिते आहे. बाळ पायांवर असतं तेव्हा बाईला उठताच येत नाही. दाराची बेल वाजो, दूध उतू जावो, फोन येवो, ती बसल्या जागी अडकलेली असते. हवं ते आधीच हाताशी घेऊन बसावं लागतं, नाहीतर हाक मारून मागवावं लागतं. बाळाची खरी राखण त्या अडकण्यात होती. आसनानं बाईला मोकळं केलं, आणि मोकळं माणूस उठतं. टॉवेल आणायला, गॅस बारीक करायला, दार उघडायला. तुमची जाहिरात तर सांगते की आता दोन्ही हात मोकळे. मी तुम्हाला कळकळीनं सांगते, बाळाच्या अंघोळीत दोन्ही हात मोकळे असायची वेळ कधीच नसते.

आसनं बंद करा असं माझं म्हणणं नाही. गुडघे दुखणारी आजी, पोटावर टाके असलेली बाळंतीण, जुळ्यांची आई, एकटा बाप, यांना आधार हवाच. पण तो निवडायचा कशावरून? सून आणि मी दुकानं हिंडलो. पुठ्ठ्यावर ‘० ते १२ महिने’ असं छापलेलं आणि खाली रंगांची यादी. वयाच्या आकड्यावरून काही कळत नाही. मान धरत नसलेल्या बाळाला उतरतं, जाळीचं आसन लागतं. बाळ आधाराशिवाय बसू लागलं तरच कड्याचं बसकं आसन चालतं. आणि ज्या दिवशी ते कशाला तरी धरून उभं राहू पाहतं, त्या दिवशी ते आसन बंद करायचं. बसायला येणं आणि उभं राहू पाहणं यांतले हे थोडेच महिने, साधारण पाचव्यापासून दहाव्यापर्यंत.

मी आता आसन हातात घेतलं की एवढं पाहते. तळ बैठकीपेक्षा रुंद आहे का? पायांच्या मध्ये खुंटी आहे का आणि पायांची जागा अरुंद आहे का? घडीचं असेल तर उघडल्यावर खटका पक्का बसतो का, सांध्यात बाळाचं बोट चिमटेल का? जाळी ओली झाल्यावर झोळीसारखी लोंबते का? पाणी निथळून सगळं उन्हात वाळवता येतं का, की सांध्यांत बुरशी धरेल? ते मी जमिनीवरच ठेवते, ओट्यावर किंवा टेबलावर कधीच नाही. बाळाला त्यात ठेवून उचलत नाही. बादली हातभर लांब ठेवते, आणि बाळ आसनात असताना तिच्यात गरम पाणी सोडत नाही. गीझरचं साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं.

पण हे मला टेंगूळ आल्यावर कळलं. ते खरेदीआधी कळावं, ही जबाबदारी तुमची आहे. माझ्या मागण्या अशा :

१. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. रबरी बदकाला चिन्ह लागतं. मग ज्यात जिवंत बाळ बसवून वरून पाणी ओततात, त्या आसनालाही लागू द्या.

२. त्या मानकातली चाचणी आपल्या फरशीवर करा. खरखरीत टाइल, शहाबादी, कोबा, ओल्या आणि साबण लागलेल्या. बाळ एका बाजूला झुकतं तसा भार एका बाजूला टाकून आसन ढकलून पाहा.

३. सूचना खोक्यावर नको, स्टिकरवरही नको. ती आसनाच्या पाठीवर, बाळाला धरणाऱ्याला समोर दिसेल अशी, प्लॅस्टिकमध्येच उठवलेली असू द्या, हिंदी-इंग्रजीबरोबर त्या राज्याच्या भाषेतही. शब्द एवढेच पुरेत : ‘बाळावरचा हात काढू नका. उठायचं असेल तर बाळाला घेऊन उठा.’ शेजारी वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र.

४. जाहिरातीतलं एकटं बाळ काढून टाका. प्रत्येक चित्रात बाळाच्या अंगावर मोठ्या माणसाचा हात दिसू द्या.

५. ऑनलाइन बाजारांनी चाचणी न झालेली आसनं उतरवावीत. हे होऊ शकतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानंच डिसेंबर २०२१ मध्ये आयएसआय चिन्हाविना विकल्या जाणाऱ्या प्रेशर कुकर आणि हेल्मेटांबद्दल लोकांना सावध केलं होतं. २०२३ मध्ये सीटबेल्टचा इशारा बंद पाडणाऱ्या क्लिपांच्या १३ हजारांहून अधिक जाहिराती ऑनलाइन बाजारांतून काढायला लावल्या. धोकादायक माल परत मागवण्याचा अधिकार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं प्राधिकरणाला दिला आहे.

तिसऱ्या मागणीवर मी अडून बसणार आहे, आणि त्याचं कारण सांगून पत्र संपवते. आपल्याकडे बाळाच्या वस्तू एका घरात राहत नाहीत. पाळणा, दुपटी, झबली, सगळं पुढच्या बाळाकडे जातं, आणि खोकं पहिल्याच आठवड्यात रद्दीत गेलेलं असतं. गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरची मुलगी आली. तिचं बाळ आता बसायला लागलं आहे. “आजी, तुमच्याकडचं आसन द्याल का?” म्हणाली. मी कधी कुणाला नाही म्हटलेलं नाही. तिला मात्र नाही म्हटलं. ती काही बोलली नाही, पण तिला वाईट वाटलं हे मला दिसलं.

आसन माळ्यावर आहे. नातीला सध्या तिचा बाप न्हाऊ घालतो, पाटावर पाय पसरून, टॉवेल आधीच खांद्यावर टाकून. त्या मुलीच्या घरी मात्र सकाळी तिच्याशिवाय कुणी नसतं. तिला आसन लागणारच आहे. “हे घे, हे तपासलेलं आहे,” असं मला तिला सांगता येईल, असं एक तरी आसन बाजारात येऊ द्या.

आपली,
एक आजी
डोंबिवली