गणवेश उतरला, धूळ राहिली

वऱ्हाडाला समुद्र नाही. तथापि अमरावती-अकोल्याच्या कोरडवाहू शेतीवर ज्या घरांचे भागत नाही, त्या घरांतील मुले लष्करात जातात तशी नौदलातही जातात. पंधरा-वीस वर्षांची सेवा करून ती गावी परततात, प्रजासत्ताकदिनी त्यांना नारळ व शाल मिळते. पुढे दहा-पंधरा वर्षांनी त्यांतील एखाद्याला धाप लागू लागली, तर ती बिडीवर, वयावर किंवा क्षयावर ढकलली जाते. तुम्ही जहाजाच्या कोणत्या भागात काम करीत होता, हा साधा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही. हा प्रश्न न विचारण्यामागे केवळ अनास्था नाही. त्यामागे हिशेबाची एक पद्धत आहे.

वाफेवर चालणाऱ्या युद्धनौकेत बॉयलर, टर्बाइन आणि वाफेचे नळ यांना ॲस्बेस्टॉसचे वेष्टन असे. आग आणि उष्णता रोखणारे स्वस्त खनिज म्हणून जगातील सर्व नौदलांनी ते वापरले. इंधन आणि रसद वाहणारी जहाजेही याच तंत्राची होती. पश्चिम जर्मनीत बांधलेली आपली ‘दीपक’ आणि ‘शक्ती’ ही तेलपुरवठा-जहाजे वाफेवरच चालत. नळ दुरुस्त करावयाचा तर वेष्टन फोडावे लागे. बंदिस्त इंजिनखान्यात त्याचे तंतू हवेत तरंगत राहत आणि खलाशी ते श्वासाबरोबर आत घेत. या तंतूंनी फुफ्फुस निबर होते, त्याचे नाव ॲस्बेस्टॉसिस. फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग त्याहून भयंकर, आणि तो प्रकट होण्यास बहुधा २० ते ४० वर्षे लागतात. म्हणजे मालकाची जबाबदारी संपल्यावर रोगाचा अंमल सुरू होतो.

‘त्या काळी हे ठाऊक नव्हते’ असा बचाव नेहमी केला जातो. तो खोटा आहे. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील धूळ आवरण्यासाठी ब्रिटनने १९३१ सालीच नियम केले. पुढे ‘विक्रांत’ या नावाने आपल्याकडे आलेल्या जहाजाची बांधणी त्याच ब्रिटनमध्ये १९४३ साली सुरू झाली आणि ते १९६१ साली आपल्या नौदलात दाखल झाले. ज्ञान आधी होते, जहाज नंतर आले.

आता आपला कायदा पाहा. १९४८ च्या कारखाना कायद्याने ॲस्बेस्टॉसिस हा सरकारला कळविणे बंधनकारक असलेला रोग ठरविला. परंतु ‘कारखाना’ या शब्दाच्या व्याख्येतून सशस्त्र दलांची फिरती युनिटे वगळली. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने हा रोग व्यवसायजन्य मानला. परंतु सशस्त्र दलातील व्यक्तीला ‘कामगार’ मानले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितांनी अनेक जुने हक्क मोडीत काढले, हे अपवाद मात्र निष्ठेने जतन केले. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी असा आदेश दिला की ॲस्बेस्टॉसच्या खाणी व कारखाने यांतील प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ उशिरा संपेल तोपर्यंत जपावी. हा निर्णय मोलाचा होता. पण जहाजाच्या पोटातील बॉयलरखान्यापर्यंत त्याचा हात पोहोचला नाही.

अपंगत्व निवृत्तिवेतनाचे काय? सेवेत असताना रोग जडला तर तो सेवेमुळेच जडला असे गृहीत धरावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये उचलून धरले. परंतु १९८२ च्या नियमावलीने निवृत्तीनंतर उद्भवलेल्या रोगासाठी बोटांवर मोजता येतील इतक्याच वर्षांची मुदत ठेवली. तीस वर्षांनी उगवणाऱ्या रोगाला अशी मुदत घालणे म्हणजे दार बंद करून पाहुण्याला आमंत्रण देणे होय.

ब्रिटिश खलाशालाही १९८७ पूर्वीच्या हानीबद्दल आपल्या सरकारवर दावा लावता येत नसे. परंतु तेथील माजी सैनिकांच्या संघटना झगडल्या, आणि डिसेंबर २०१५ मध्ये मेसोथेलिओमा झालेल्या माजी सैनिकाला १,४०,००० पौंड एकरकमी घेण्याचा पर्याय सरकारला जाहीर करावा लागला. फ्रान्सने ‘क्लेमान्सो’ ही ॲस्बेस्टॉसने भरलेली विमानवाहू नौका मोडण्यासाठी गुजरातेतील अलंगकडे धाडली. जगभर गदारोळ झाल्यावर फेब्रुवारी २००६ मध्ये तिला माघारी बोलवावे लागले. आपली ‘विक्रांत’ २०१४ साली मुंबईच्या दारूखान्यात मोडली गेली. तिच्या पोलादाची मोटारसायकल निघाली, जाहिरातीत देशभक्ती विकली गेली. ते जहाज चालविणाऱ्यांच्या आणि तोडणाऱ्यांच्या फुफ्फुसांचा उल्लेख त्या जाहिरातीत असण्याचे कारण नव्हते.

अर्थशास्त्रज्ञ के. विल्यम कॅप यांनी १९५० मध्ये दाखवून दिले की खाजगी उद्योगाचा नफा हा पुष्कळदा समाजाच्या माथी मारलेला खर्च असतो. येथे तर खुद्द राज्यसंस्थाच भांडवलदाराचा हा धडा गिरवीत आहे. ॲस्बेस्टॉस स्वस्त होते, कारण त्याची उरलेली किंमत वऱ्हाडातील एखादे कुटुंब शेत गहाण ठेवून भरणार होते.

‘आकडे कोठे आहेत?’ असे विचारले जाईल. ज्या रोगाची नोंद करण्याची सक्ती कोणावर नाही, त्याचे आकडे आकाशातून पडत नाहीत. मोजणी टाळायची आणि मग मोजणी नाही म्हणून प्रश्नच नाही म्हणायचे, ही सरकारी युक्ती आपण दुष्काळाच्या आणेवारीत पाहिलेली आहे. राष्ट्ररक्षणाच्या नावाने गप्प बसविणाऱ्यांना स्मरण द्यावे की १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या नाविकांनी साम्राज्याविरुद्ध संप पुकारला, तेव्हा त्याची ठिणगी निकृष्ट अन्नाच्या तक्रारीतून पडली होती. खलाशी हा प्रथम श्रमिक आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. वाफेच्या जहाजांवरील सेवेचा तपशील प्रत्येक निवृत्त खलाशाला लेखी द्यावा. त्याची छाती-तपासणी माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेतून आजन्म, विनामूल्य व्हावी. निवृत्तीनंतरची कालमर्यादा या रोगांपुरती रद्द करून पुराव्याचे ओझे सरकारवर टाकावे. श्रमसंहितांतील अपवाद काढावेत.

परंतु मागणीपूर्वी काम हवे. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील साथींनी तालुकावार निवृत्त नाविकांची भेट घ्यावी; जहाज, खाते, वर्षे व आजार यांची नोंदवही करावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे आणि अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे ती घेऊन जावे. क्षयाची औषधे खाऊनही ज्याची धाप हटत नाही, अशा माजी खलाशाच्या केसपेपरावर त्याचा पूर्वव्यवसाय लिहावयास लावणे ही लहान गोष्ट वाटेल. मात्र ती एक ओळ लिहिली गेली की पुढचा प्रत्येक दावा तिच्यावर उभा राहू शकतो.